बारामुल्ला लिहिलेली पेटी

क्वार्टर ताब्यात घेतलं तेव्हा यादीत होतं:
पंखे दोन, ट्यूबलाइट तीन, टाकी एक, झाकण नाही.
पेटी यादीत नव्हती.
लाकडी, कोपऱ्यांना पत्रा, कडेला स्टेन्सिलनं बारामुल्ला,
आत माती, आणि मातीत पात्यांचा एक पंखा
सपाट उघडलेला,
कुणी इस्त्रीखाली दाबून ठेवल्यासारखा.

थपलियालबाई ट्रकमध्ये बसल्या होत्या, पुन्हा उतरल्या,
पेटीत तांब्याभर पाणी ओतलं
आणि काही न बोलता गेल्या.
मीही विचारलं नाही. गॅसचं कनेक्शन कसं बदलायचं
तेवढंच विचारलं.

मी टर्नर. वस्तू हातात आली की तिचं नाव लागतं मला.
ग्राइंडरवर ठिणगी कशी फुटते
त्यावरून पोलाद सांगतो.
तसं पान चुरगळलं: वास नाही.
मोडलं: चीक नाही.
हळद नाही, कर्दळ नाही, निशिगंध तर नाहीच,
निशिगंधाची पात अशी शिस्तीत उभी राहत नाही.
सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत झांबरे म्हणाला,
"शोचं आहे. फॉरेन. दीडशेला दुसरं देतो."

पहिल्याच डिसेंबरात पेपरात आलं, पाषाण सात पूर्णांक चार.
ही म्हणाली, गोणपाट तरी टाका त्याच्यावर.
टाकलं. वर जुनी सतरंजी.
रात्री दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात पाहिलं.
पाती पिवळी पडत गेली, टोकाकडून, एकेक.
फेब्रुवारीत सगळी आडवी.
माती उकरून कंद नखानं खरवडला:
पांढरा, टणक, कच्च्या बटाट्यासारखा.
म्हणजे होतं.

गोरक्षकरबाई मॉडेल कॉलनीत राहतात.
जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता मोतीबिंदू.
पान त्यांनी बोटांनीच वाचलं,
कडेवरून अंगठा फिरवला, कंदाचे सांधे मोजले.
"आयरिस असावं. असावं म्हणते हं. फूल आणा, मग नाव सांगते.
काश्मिरात कबरींवर एक पांढरं लावतात, तेही असेल."
मी विचारलं, थंडी सोसेल का?
बाई माझ्या दिशेनं बघत राहिल्या.
"अहो, बर्फाखाली झोपणारं झाड ते.
गार रात्री पुरेशा मिळाल्या नाहीत
तर कळीच धरायचं नाही."
"किती रात्री?"
"आपल्याकडे नाहीत तितक्या."

पीएमटीत खिडकीशी बसून हिशेब मांडला:
नाव फुलावर, फूल थंडीवर,
आणि खडकीत थंडी
दिवाळीनंतर चार दिवस, संक्रांतीला तीन,
तीही आठच्या भोंग्याला उठून जाते.

सतरंजी धुऊन वाळत घातली.
पेटी न्हाणीच्या भिंतीमागे सरकवली, उत्तरेला,
जिथे आमचे ओले टॉवेल वाळत नाहीत.
यंदा डिसेंबरपासून, ही झोपली की,
फ्रिजमधला बर्फाचा ट्रे त्या मातीत उलटा करतो.
बारा खडे. सकाळी बारा ओले डाग.
समोरच्या क्वार्टरमधल्या पोरानं एकदा पाहिलं.
"काका, पार्टी आहे का?"
म्हटलं, हो, आहे एकाची.

जुलैत मी रिटायर, ऑगस्टअखेर क्वार्टर रिकामं.
वाकडला फ्लॅट घेतलाय, बाल्कनी पश्चिमेची,
दुपारी तीनला तिथं लोखंड तापतं.
पेटी न्यायची की ठेवायची, ठरत नाही.
ठेवलीच तर पुढच्या माणसासाठी
कोपऱ्यातल्या पत्र्यावर कोरून ठेवलंय,
मशीनशॉपमधली सुई घरी आणून, तीन संध्याकाळी:
आयरिस असावं. झाकू नये.

काल पाषाण आठ पूर्णांक एक.
ट्रे उलटा केला आणि तिथंच थांबलो थोडा वेळ,
स्वेटर होता अंगात,
कानटोपी मुद्दाम आत ठेवून आलो होतो.